अनोळखी माणसाच्या घरी पैसे देऊन जेवायला गेलात का कधी? (सपर क्लब, घरगुती थाळ वगैरे)

पाटावरवंटा | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, काल दुपारी जे अनुभवलं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून धागा काढतेय. मी आणि माझी मोठी नणंद मुंबईत भायखळ्याजवळ एका दाऊदी बोहरा कुटुंबाच्या घरी जेवायला गेलो होतो. ओळख शून्य. इन्स्टावर मेन्यू दिसला, मी मेसेज टाकला, त्यांनी एक फॉर्म पाठवला, त्यात नाव, काम काय करता, काही पथ्य आहे का, कुणाकडून कळलं असं सगळं विचारलेलं, मग ऍडव्हान्स भरला आणि पत्ता मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी आला. नणंद तर ट्रेनमध्ये बसेपर्यंत म्हणत होती की अगं कोण कुठली माणसं, आपण एखाद्या चांगल्या हॉटेलात जाऊ.

जुनी बिल्डिंग, लाकडी जिना, तिसरा मजला. दार उघडलं ते साठीच्या बाईंनी, रंगीत रिदा (बोहरा बायकांचा पोशाख) घातलेला, आणि "आवो आवो" असं म्हणाल्या की जसं काही आम्ही दर रविवारी येतो. सगळे त्यांना मासी म्हणत होते, आम्हीपण मासीच म्हणायला लागलो. आम्ही एकूण आठ जण. आम्ही दोघी, मुलुंडचं एक जोडपं, कॉलेजातल्या तीन मैत्रिणी आणि बंगलोरहून कामासाठी आलेले एक गृहस्थ. जमिनीवर सफरा म्हणजे मोठं कापड अंथरलेलं, त्यावर थाळ ठेवायची बैठी तिवई, आणि वर एकच मोठं थाळ. आठ जणांत एक. आठही जण बसल्याशिवाय पहिला पदार्थ येत नाही. मासींचा मुलगा चिलमची आणि लोटा घेऊन फिरला आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी घातलं. डोकं झाकायला टोप्या, ओढण्या ठेवलेल्या. मग प्रत्येकाने चिमूटभर मीठ चाखायचं, सुरुवातीला आणि शेवटीही. त्यानंतर आधी गोड (ते मीठास म्हणतात), मग तिखटमिठाचं (खारास), मग परत गोड, परत खारं. आपल्याकडे डावं-उजवं वाढून पान पूर्ण मांडतात आणि मग हात घालतात, इथे एका वेळी एकच पदार्थ मधोमध येतो आणि तो संपला की पुढचा.

आता खरं सांगायचं ते हे. आमच्या घरी उष्टं हा फार मोठा विषय. सासूबाई अजूनही एकमेकांच्या ताटातलं घेऊ देत नाहीत, नणंद त्याच वळणाची. ती थाळाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. खीमा समोसा आला, त्याला कोळशाच्या धुराचा वास, तो प्रत्येकाला सुटा होता म्हणून ठीक होतं. पण नंतर दाल-चावल-पलीदू आलं, भाताचा डोंगर मध्ये, आणि प्रत्येकाने आपल्या समोरच्या बाजूने खायचं. ती थांबली. मासींनी ते बघितलं असणार, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त तिच्या बाजूला येऊन गुडघ्यावर बसल्या आणि तिच्या समोरच्या भातावर पलीदू ओतून म्हणाल्या, हे तुझं, इथे कुणी येणार नाही. आणि ती जेवायला लागली! रान आलं (बकऱ्याची अख्खी तंगडी, हाताने तोडायची) तेव्हा तर तीच त्या कॉलेजच्या मुलींना सांगत होती की हाडाजवळचं मऊ आहे ते घ्या, आणि स्वतःच्या हाताने तोडून देत होती. मी बावीस वर्षं तिला ओळखते, असं कधी पाहिलं नाही.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. ते जोडपं चाळीस मिनिटं उशिरा आलं, न सांगता, आणि आठ जण झाल्याशिवाय सुरू होत नसल्याने तळलेले समोसे तसेच राहिले आणि मासी आत-बाहेर करत होत्या. आणि जेवणानंतर त्यातल्या एकाने मोबाईलवर शूटिंग करत सरळ आतल्या खोलीपर्यंत मजल मारली, तिथे मासींची सून बाळाला घेऊन बसलेली. पैसे भरलेत म्हणजे घरभर फिरायचा हक्क मिळतो का? मला फार लागलं ते.

तर विचारायचंय की तुम्ही कुणी असं जेवलायत का, किंवा स्वतः घरी करता का? जाताना काय न्यायचं? आम्ही मोगऱ्याचे गजरे नेले, मासींना आवडले.

हिशेबनीस | सोमवार, रात्री ११:१५

अनुभव छान लिहिलाय. पण माणशी किती घेतले ते लिहा ना. मी बघितलंय की हल्ली पंधराशे, अठराशे, दोन हजार असे आकडे असतात आणि मेन्यूत घरगुती जेवण. तेवढ्यात चांगल्या हॉटेलात एसीमध्ये बसून दोघं जेवतात. मला खरंच समजून घ्यायचंय, वाद नाही घालायचा.

टेम्सकाठ | मंगळवार, पहाटे ३:०५

लंडनमध्ये हे प्रकार खूप वर्षं चालू आहेत. इथे २००९ मध्ये कर्स्टिन रॉजर्स या बाईंनी स्वतःच्या घराच्या दिवाणखान्यात टेबलं मांडून सुरुवात केली आणि मग बघता बघता गल्लोगल्ली सपर क्लब निघाले. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे आस्मा खान, मूळच्या कलकत्त्याच्या, कायद्यात पीएचडी केलेल्या. २०१२ मध्ये त्यांनी लंडनच्या घरी लोकांना जेवायला बोलवायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये सोहोत दार्जिलिंग एक्स्प्रेस नावाचं रेस्टॉरंट काढलं. त्यांच्या किचनमध्ये सगळ्या बायकाच, आणि त्यातल्या कुणीच हॉटेलच्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या, घरी रांधणाऱ्या बायका. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर याचा वाटतो की रेस्टॉरंट झालं तेव्हा त्या सपर क्लबपासूनच्या बायकांना बरोबर घेऊन गेल्या.

आणि त्याच्याही आधी पॅरिसमध्ये जिम हेन्स नावाचे अमेरिकन गृहस्थ दर रविवारी रात्री त्यांच्या स्टुडिओत जेवण ठेवायचे, सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून चाळीसेक वर्षं, कुणीही फोन करून यावं, पाकिटात पैसे टाकावेत, हातात ताट घेऊन उभ्याने जेवावं. ते २०२१ मध्ये गेले. माझा एक सहकारी तिथे जाऊन आलेला, तो सांगायचा की जिमना आलेल्या सगळ्यांची नावं पाठ असायची आणि ते उभ्या उभ्या एकमेकांच्या ओळखी करून द्यायचे, हा अमुक, तू तमुक, तुम्ही दोघं पोर्तुगालला राहिलायत, बोला.

मी स्वतः इथल्या एका मराठी ताईंकडे दोनदा गेलेय. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि समोर सहा इंग्रज. भाकरी थापताना बघायला सगळे ओट्याभोवती उभे. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप घातलं, ताईंनी दाखवलं होतं तसं, आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं कारण माझी आई अगदी तस्संच घालायची.

बिरडंवाली | मंगळवार, सकाळी ९:२०

मी ठाण्यात घरी करते, महिन्यातून एक रविवार, आठ जागा. सीकेपी जेवण. त्यामुळे @हिशेबनीस, तुम्हाला मीच उत्तर देते आणि आकडे लपवत नाही.

माणशी १६०० घेते. आठ जणांचे झाले १२,८००. सामान साधारण साडेपाच हजार, त्यात सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), ताजी कोळंबी आणि मटण हेच मोठे खर्च, चांगले सोडे किलोला दोन हजारांच्या वर जातात आणि स्वस्तातले घेतले की खिचडीला वास मारतो. मदतीला एक मावशी येतात त्यांचे दीड हजार. बाजारात जाणं-येणं, गॅस, पत्रावळी-द्रोण, बर्फ असे आठशे. उरतात पाच हजार. हे पाच हजार तीन दिवसांचे आहेत.

तीन दिवस कसे ते पण सांगते. वालाचं बिरडं करायचं तर गुरुवारी रात्री कडवे वाल भिजत घालायचे, शुक्रवारी फडक्यात बांधून मोड यायला ठेवायचे, शनिवारी संध्याकाळी कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. आठ-दहा माणसांना किलोभर वाल लागतात आणि ते सोलायला दोन बायकांना दोन-अडीच तास. सोलताना डाळिंबी अख्खी राहिली पाहिजे. सोडे साफ करणं वेगळं. खाजाचे कानवले असतील तर साटा लावून पाती करणं म्हणजे अख्खी दुपार, श्रावण संपताना निनावं करते ते तासभर हलवावं लागतं आणि हात दुखून येतो. हॉटेलात तुम्हाला हे मिळणारच नाही कारण त्यांना हे परवडत नाही, वाल सोलायला माणूस ठेवला तर त्या वाटीची किंमत काय लावतील?

पहिल्या वर्षी मी ९०० घ्यायचे. मला मागायलाच लाज वाटायची. एकदा दहा जागा होत्या आणि रविवारी सकाळी आठ वाजता चौघांचा मेसेज आला, सॉरी प्लॅन बदलला. सोड्याची खिचडी शिजत आली होती. ऍडव्हान्स घेतलेला नव्हता. त्या दिवशी मी स्वयंपाकघरातच बसून रडले, खिचडी मग मजल्यावर वाटली. तेव्हापासून पूर्ण पैसे आधी, आणि तीन दिवस आधी सांगितलं तरच परत.

जुना_पुणेकर | मंगळवार, सकाळी ११:४८

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, त्यामुळे माझं मत जुनं वाटेल, पण मनापासून लिहितो. घरी बोलावून जेवू घालायचं आणि पैसे घ्यायचे हे मला पटत नाही. हॉटेल असेल तर हॉटेल म्हणा. घर असेल तर आलेला माणूस पाहुणा आणि पाहुण्याकडून कोणी पैसे घेतं का?

माझे वडील १९३० च्या दशकात कोकणातून पुण्याला शिकायला आले. वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरं. सगळी अनोळखी घरं. कुणी त्यांच्याकडून पै घेतली नाही. त्या घरांवर ते शिकले, मास्तर झाले आणि त्यातल्या एका घरच्या चिंचगुळाच्या आमटीची आठवण ते शेवटपर्यंत काढायचे. ती पण अनोळखी माणसाच्या घरचीच पंगत होती. तुमच्या सपर क्लबात ते कुठे आहे?

लालबागचा_नातू | मंगळवार, दुपारी १:३०

काका, तुमच्या वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं. पण पैसे घेऊन घरी जेवू घालणं आपल्याकडे आत्ता इन्स्टामुळे आलं असं नाही. माझ्या आजीची लालबागला खानावळ होती. चाळीतली एक खोली, दहा बाय बारा. गिरणीतली माणसं, कोणी रत्नागिरीकडचा, कोणी साताऱ्याकडचा, गावी बायकापोरं, इथे एका गाळ्यात दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला आजीकडे. तीस मेंबर होते तिच्याकडे. पहिल्या पाळीवाल्याचा डबा पहाटे, तिसऱ्या पाळीवाल्याचं जेवण रात्री, म्हणजे चूल कधी थंड नाही. पगार झाला की हिशेब. एखादा आजारी पडला तर त्याची पेज वेगळी, तिचे पैसे नाही धरायची.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. तोवर वाण्याकडून उधारीवर सामान आणायचं, सावकाराचं व्याज, आणि महिनाभर राबून हातात काय राहायचं नाही. प्रेमाताईंनी त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून दिलं, एकमेकींच्या हमीवर. आजीने आयुष्यात पहिल्यांदा सही केली ती त्या कागदावर, आधी अंगठा लावायची. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार बंद, मेंबर म्हणायचे मावशी पुढच्या महिन्यात देतो, आणि तो महिना काही आलाच नाही. तरी आजीने बरेच दिवस जेवण बंद केलं नाही, शेवटी भांडी विकली.

आजी पैसे घेत होती म्हणून ती माणसं पाहुणी नव्हती असं मला नाही वाटत. त्यातले दोघे तिच्या तेराव्याला आले होते, एक तर चिपळूणहून.

किनारा_मालवण | मंगळवार, दुपारी ४:१०

आमच्याकडे तर हे रोजचंच. पर्यटक फोन करतात, आई विचारते किती माणसं, व्हेज किती, आणि मग जेवण. आदल्या रात्री सांगितलं तर वडे-सागोती, नाहीतर घरात जे शिजलंय ते. बांगड्याचं तिखलं तिरफळ घालून, भात, सोलकढी. वाढायला आई स्वतः.

लोक चांगले येतात बहुतेक, पण एक विनंती करतो. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रपण खवळलेला. त्या दिवसांत येऊन ताजी सुरमई नाही म्हणून आईला बोलू नका. सुका बांगडा, सुकटाची किसमूर, फणसाची भाजी हेच आमच्या घरचं पावसाळ्यातलं खरं जेवण आहे, ते खाऊन बघा. आणि सोमवारी कित्येक घरात मासे होत नाहीत, तेव्हा काळ्या वाटाण्याचं सांबार नि घावणे. घरी जेवायचंय ना, मग घराचे वार पण पाळायला लागतात.

प्रश्नचिन्ह | मंगळवार, संध्याकाळी ७:५५

मला जायची खूप इच्छा आहे पण मी एकटी राहते, पीजीमध्ये, आणि एकटीने अनोळखी घरी जायची भीती वाटते. काय बघायचं आधी? आणि @बिरडंवाली ताई, तुम्हाला नाही भीती वाटत, कोणीही घरात येतं? सोसायटीवाले काही म्हणत नाहीत का?

बिरडंवाली | मंगळवार, रात्री ९:३२

भीती वाटते, का नाही वाटणार. म्हणून मी प्रत्येकाला फोन करते, फॉर्म वगैरे ठीक पण आवाज ऐकला की माणूस कळतो थोडाफार. एकटा पुरुष पहिल्यांदाच येत असेल तर ओळखीतून आला तरच घेते. घरी नवरा आणि मुलगा असतात त्या दिवशी. दारू ठेवत नाही आणि आणूही देत नाही, घरी पैसे घेऊन असं काही करायचं तर उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीचं प्रकरण येतं, आणि मला मुळात दुपारच्या जेवणात ते नकोच.

सोसायटीचं म्हणशील तर आधी सेक्रेटरींना जाऊन सांगितलं. महिन्यातून एकदा, आठ माणसं, गाड्या बाहेर लावतील, साडेतीनला सगळे गेलेले असतील. शेजारच्या काकू नाराज होत्या कारण लोक चुकून त्यांची बेल वाजवायचे, आता मुलगा खाली गेटवर उभा राहतो आणि घेऊन येतो. एफएसएसएआयचं (सरकारचं अन्नसुरक्षेचं) रजिस्ट्रेशन काढलंय, लहान धंद्याचं, मी काढलं तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाचे १०० रुपये फी होती, ऑनलाईन होतं. चौदा आकडी नंबर मिळतो. तू जाशील तिथे हा नंबर विचार, विचारल्यावर जी चिडेल तिच्याकडे जाऊ नकोस. आणि पहिल्यांदा मैत्रिणीला घेऊन जा, दुपारचं जेवण निवड, आधी जेवून आलेल्या दोघींशी बोलून घे. माझ्याकडे एकट्या मुली खूप येतात, त्यांना मी मुद्दाम माझ्या बाजूच्या पाटावर बसवते.

फिरस्ता | मंगळवार, रात्री ११:०४

क्युबात याला पालादार म्हणतात. रशियाची मदत बंद झाल्यावर तिथे खायचे हाल झाले, लोकांनी घरातच चोरून जेवणं सुरू केली आणि सरकारने नव्वदच्या दशकात ती कायदेशीर केली, पण अट अशी की खुर्च्या बाराच. हे बाराचं बंधन पुढे बरीच वर्षं होतं, २०१० ला वीस केल्या, मग पन्नास. मी हवानात एका घरी जेवलो, दिवाणखान्यात आजोबांचा फोटो आणि त्याखाली आमचं टेबल, काळ्या घेवड्याचा भात, आणि घरातला लहान मुलगा शेजारी बसून गृहपाठ करत होता. मेन्यूकार्डापेक्षा तोच लक्षात राहिलाय.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ८:४०

@बिरडंवाली, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, आभार. वालाचं गणित मला माहीतच नव्हतं, आमच्याकडे बाजारातून सोललेले आणतात. पाच हजार तीन दिवसांचे म्हणजे तुमची दिवसाची मजुरी सतराशेच्या आत आली, आणि त्यात तुमचं घर, भांडी, पंखे, पाणी धरलेलंच नाही. तुम्ही १६०० वर थांबू नका असं उलट मी म्हणेन.

जुना_पुणेकर | बुधवार, सकाळी ११:१२

लालबागच्या नातवाचा प्रतिसाद काल तीनदा वाचला. काल मी एक गोष्ट लिहिली नाही, ती लिहिणं भाग आहे.

सात घरांपैकी दोन घरांमध्ये वडिलांना माजघरात नाही तर पडवीत बसवायचे. घरची पंगत उठल्यावर उरलेलं वाढायचे. एका घरी आधी विहिरीचं पाणी भरून घ्यायचे आणि मग पान मांडायचे, आणि पाणी भरायला उशीर झाला तर शाळेची वेळ व्हायची आणि ते तसेच उपाशी जायचे. बुधवार होता तो. घरी आम्हाला बुधवारी वडील कधी पानावर बसताना बोलायचे नाहीत, आईने कारण आम्हाला फार उशिरा सांगितलं. चिंचगुळाच्या आमटीचं घर शनिवारचं, तिथे बाई स्वतःच्या मुलांच्या रांगेत बसवायच्या.

पैसे दिले असते तर बुधवारच्या घरी त्यांना असं वागवलं नसतं, हे मला मान्य करावं लागतं. तरी पैसे मोजून पाटावर बसणं मला जमेल असं नाही वाटत. पण काल मी ज्या आवेशाने लिहिलं त्याबद्दल बिरडंवाली ताईंनी राग मानू नये.

बिरडंवाली | बुधवार, दुपारी १२:०५

काका, राग कसला. तुम्ही शनिवारच्या बाईंबद्दल जे लिहिलंत ते मी रविवारी वाढताना लक्षात ठेवीन.

पाटावरवंटा | बुधवार, रात्री १०:२०

इतके सुंदर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. @हिशेबनीस, आमच्याकडून माणशी १७०० घेतले, आणि मासींनी हातात पैसे घेतलेच नाहीत, उरलेली रक्कम संध्याकाळी मुलाने मोबाईलवर मागितली. मला वाटतं हे त्यांनी मुद्दाम असं ठेवलंय, घरात असेपर्यंत पैशाचा विषय नको.

मुंबईत बोहरी थाळ असा लोकांसाठी खुला झाला त्यात मुनाफ कपाडियांचा मोठा वाटा आहे, २०१४ च्या शेवटी त्यांनी कुलाब्याच्या घरी आई नफीसा कपाडियांच्या हातचं जेवण लोकांना बोलावून खिलवायला सुरुवात केली, द बोहरी किचन नावाने, आणि पुढे त्यासाठी गूगलमधली नोकरीही सोडली. त्याआधी बोहरा मित्र असेल आणि त्याच्या घरी लग्न असेल तरच थाळावर बसायला मिळायचं. आपल्याकडच्या किती जातीजमातींचं जेवण असंच घराच्या आत राहिलंय, पाठारे प्रभूंचं, ईस्ट इंडियनांचं (मुंबईकडचे मराठी ख्रिस्ती), बेने इस्रायलींचं. बेने इस्रायली म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, ते तर घरात मराठी बोलणारे, मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून सगळीकडे नारळाचं दूध, आणि नवसाला पोह्यांचा मलिदा, गूळ-खोबरं घालून. अलिबागच्या वाटेवर कितीदा गेलो पण त्यांच्या घरचं मी कधी खाल्लेलं नाही. दार उघडणारं कुणीतरी हवं आणि आत गेल्यावर नीट वागणारं पण कुणीतरी हवं. त्या शूटिंगवाल्याबद्दल मासींना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, तो गेला, तू परत कधी येतेस ते सांग.

सागरगोटा | बुधवार, रात्री ११:३७

मी नुसती वाचतेय दोन दिवस. ते पलीदू म्हणजे नक्की काय हो? पाककृती मिळेल का?

पाटावरवंटा | गुरुवार, सकाळी ७:१५

@सागरगोटा, मी पण हेच विचारायला फोन केला होता, मासींनी सांगितलं तसं लिहिते, प्रमाण त्या सांगत नाहीत, अंदाजे म्हणतात.

तुरीची डाळ अख्खी राहील इतपतच शिजवायची आणि वरचं पाणी काढून ठेवायचं. ती डाळ हळद, जिरं, तळलेला कांदा घालून भाताच्या थरांमध्ये घालायची आणि दम द्यायचा. आता ते बाजूला काढलेलं पाणी. तेलात मेथीदाणे आणि जिरं तडतडवायचं, लसूण, कढीपत्ता, मग दोन चमचे बेसन घालून वास सुटेपर्यंत भाजायचं, त्यात टोमॅटो, दुधीच्या फोडी किंवा शेवग्याच्या शेंगा, आणि डाळीचं पाणी ओतून उकळायचं, शेवटी कोकम. पातळच ठेवायचं, भातावर ओतलं की खाली उतरलं पाहिजे.

हे ऐकताना मी म्हटलं मासी हे तर आमच्या कटाच्या आमटीसारखंच झालं, आम्ही पुरणाची डाळ शिजवली की त्याचं पाणी असंच काढून ठेवतो. त्यांना कट म्हणजे काय ते कळेना, मी समजावलं, गोडा मसाला, चिंच, गूळ, थोडं पुरण कालवायचं. त्या म्हणाल्या पुढच्या वेळी येशील तेव्हा डब्यात आण. नणंदेला सांगितलं तर ती म्हणतेय होळीपर्यंत कशाला थांबायचं, या शनिवारीच पुरण घालू, आणि डबा पोचवायला मी येणार. मेथीदाणे मात्र जास्त घालू नका, मी काल घातले आणि कडू झालं.